मागच्यास ठेच!

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण पायी चालणाऱ्यांच्या काळातली. मोटारीने तिचा क्रम उलटा केला आहे. मोटार मागे येऊ लागली म्हणजे ठेच मागच्यालाच लागते, आणि शहाणे होण्यास त्याला अवसर उरत नाही. धर्माबादच्या बाजारात मिरचीच्या ऐन हंगामात जो घटकाभर उभा राहिला असेल, त्याला ह्या विधानात अतिशयोक्ती वाटणार नाही.

तेलंगणाच्या सीमेवरील ह्या गावची लाल मिरची दूरवर प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी मालमोटारी, ट्रॅक्टर आणि टेम्पो एकाच आवारात गर्दी करतात. माल चढवावयाचा वा उतरावयाचा तर वाहनाची पाठ ओट्याला लावावी लागते. म्हणजे तेथील निम्मी वाहतूक उलट्या चालीचीच! त्याच जागेतून हमाल पाठीवर पोते घेऊन खाली मान घालून जातो आणि तेथेच देठ खुडणाऱ्या बाया जमिनीवर बसलेल्या असतात. जमिनीवर बसलेली बाई किंवा तिच्याजवळ खेळणारे पोर मालमोटारीच्या आरशात दिसत नाही. आरसा बाजू दाखवितो, पाठ दाखवीत नाही.

वाहन मागे घेण्यापूर्वी कोणास धोका होणार नाही ह्याची चालकाने खात्री करून घ्यावी, असे नियम सांगतो. नियम योग्यच आहे. परंतु पोत्यांनी भरलेल्या वाहनाच्या मागचे जे डोळ्यांना दिसूच शकत नाही, त्याची खात्री चालकाने कशी करावी? ह्यासाठीच मागच्या पांढऱ्या दिव्याची योजना झाली. चालकाने मागचा गिअर टाकताच गिअरपेटीतील बटण दबते आणि दिवा लागतो. तांबडा दिवा सांगतो ‘मी थांबतो आहे’. पांढरा सांगतो ‘मी तुझ्याकडे येतो आहे’. भाषा सोपी आहे. बोलणाराच मुका झाला आहे. कोठे दिव्याची काच फुटलेली, कोठे तार तुटलेली, कोठे धुळीचा थर बसलेला. दिवा लागला तरी भर दुपारच्या उन्हात तो कळत नाही. आणि घाईचा चालक गिअर टाकतो त्याच क्षणी वाहन हलवितो, तेव्हा इशारा आणि आघात एकदमच येतात. ट्रॉलीची गोष्ट तर आणखी वाईट. ती जोडली की ट्रॅक्टरचे मागील दिवे तिच्याआड जातात, आणि अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा एकही दिवा नसतो.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारगाडीस मागील अडथळा जाणून चालकास सावध करणारे सेन्सर सक्तीचे झाले. अमेरिकेत २००२ साली एका डॉक्टरच्या हातून मोटार मागे घेताना त्याचाच दोन वर्षांचा मुलगा दगावला. त्या बालकाच्या नावाने २००८ साली कायदा झाला, आणि नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा होण्यास २०१८ चा मे उजाडला. ही दिरंगाई जशी बोधप्रद आहे, तसेच ह्या दोन्ही उपायांचे स्वरूपही बोधप्रद आहे. दोन्ही हलक्या मोटारींसाठी आहेत आणि दोन्ही इशारा देतात तो चालकाला. ओट्यापाशी उभ्या असलेल्या हमालाला कोणीच काही सांगत नाही. ज्याचा जीव धोक्यात, त्यालाच पहिला इशारा मिळाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ह्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. मालवाहू वाहनांची योग्यता-तपासणी ठराविक मुदतीने होतच असते. त्या वेळी मागचा गिअर टाकून दिवा आणि भोंगा चालतो की नाही हे प्रत्यक्ष पाहावे. भोंगा म्हणजे सिनेमाच्या गाण्याची धून नव्हे. सनई आणि धोक्याची घंटा ह्यांतला भेद गर्दीतही कळला पाहिजे. ट्रॉलीला स्वतःचा दिवा व परावर्तक असल्याखेरीज बाजार समितीने तिला आवारात घेऊ नये. दिवा लागल्यावर तीन अंक मोजूनच वाहन हलवावे, ही सवय मालकांनी चालकांना लावावी. आणि आवारात माणूस मागे उभा करून त्याने हाक दिल्यावाचून कोणतेही वाहन मागे येऊ नये.

मालक म्हणतील, इतकी वर्षे असेच चालले आहे. चालले आहे खरे. परंतु कोणाच्या जिवावर? बाजाराचे आवार ही खाजगी जागा आहे, तेथे रस्त्याचे नियम कशाला, असाही युक्तिवाद होईल. तोही टिकणारा नाही. जेथे जाण्याचा लोकांना हक्क आहे, ती जागा मोटार वाहन कायद्याने सार्वजनिकच मानली आहे.

पोत्यामागे पैसा-दोन पैसे वाचावेत म्हणून तासन्‌तास घासाघीस करणारी आपली बाजारपेठ आहे. एका दिव्याच्या आणि एका भोंग्याच्या किमतीत जर एका हमालाचे प्राण वाचत असतील, तर हा सौदा महाग म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पुढचा हंगाम येण्यापूर्वी परिवहन खात्याने आणि बाजार समित्यांनी ही व्यवस्था करावी. ठेच लागल्यावर येणारे शहाणपण ह्या प्रकरणी कोणाच्याच उपयोगाचे नाही.