वॉकर मिळतो, मग त्याची रबरी बुचे का मिळत नाहीत?



गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी येणाऱ्या माणसाला वॉकर घ्यायला सांगतात आणि तो जवळच्या औषधांच्या दुकानातही मिळतो. मात्र काही महिन्यांनी त्याच्या पायांची रबरी बुचे झिजली की तेच दुकानदार हात वर करतात. माझ्या आईच्या वॉकरसाठी सोलापुरात बुचे शोधताना मला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले : ‘सुटी येत नाहीत, नवा वॉकरच घेऊन टाका.’ चार बुचांपायी एरवी ठणठणीत असलेला, हजार-दीड हजारांचा वॉकर भंगारात घालायचा, हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. बहुतेक घरांना तो परवडतही नाही. तिथली म्हातारी माणसे झिजलेल्या बुचांवरच चालत राहतात आणि खरा धोका तिथेच आहे.

बूच बाजूने बघितले तर धड दिसते. ते संपते तळातून. आमच्या न्हाणीघरासमोरच्या शहाबादी फरशीवर राखाडी चंद्रकोरीसारखे ओरखडे दिसू लागले, म्हणून वॉकर आडवा करून पाहिला. मागच्या दोन्ही बुचांचा तळ नळीच्या कडेने आतून गोल कापला गेला होता आणि अ‍ॅल्युमिनियमची उघडी धार फरशीला टेकत होती. ओल्या फरशीवर असा पाय सरकला तर त्याच्यावर सगळा भार टाकलेला माणूस सावरणार कसा? ज्याचा खुबा एकदा मोडला आहे, त्याच्यासाठी ती घसरण म्हणजे पुन्हा अंथरूण.

सुटी बुचे मिळत नाहीत म्हटल्यावर लोक आपापल्या परीने मार्ग काढतात. कोणी हार्डवेअरच्या दुकानातून खुर्चीची प्लास्टिकची टोपणे आणतो. ती कडक असतात, गुळगुळीत टाइल्सवर पकडच घेत नाहीत. कोणी चांभाराकडून टायरचा तुकडा चिकटवून घेतो. तो एका बाजूने सुटतो, शिवाय चार पायांची उंची सारखी राहत नाही आणि वॉकर डगमगतो. म्हणूनच एकच बूच बदलणेही बरे नाही. चारही एकदम बदलावीत. कुबडीचे बूच मापाला बसले तरी त्याचा तळ वॉकरच्या पायाला पुरेसा रुंद आहे ना, हे बघावे लागते.

टिकाऊ बूच म्हणजे निव्वळ कडक बूच नव्हे. कडक रबर उशिरा झिजते पण घसरते, मऊ रबर पकडते पण लवकर संपते. चांगल्या बुचाचा तळ जाड असतो, त्यावर गोल खाचा असतात आणि आत पोलादी चकती बसवलेली असते. नळीची कड रबर न कापता त्या चकतीवर टेकते. एवढ्याशा चकतीने बुचाचे आयुष्य बरेच वाढते, पण स्वस्त वॉकरमध्ये नेमकी तीच गाळलेली असते. वॉकर उचलून न ठेवता फरफटत नेला तर चांगले बूचही टिकत नाही. ज्यांच्या हातात उचलण्याइतकी ताकद नाही, त्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारून पुढे चाके असलेला वॉकर घ्यावा. आणखी एक : नवे बूच चढत नाही म्हणून तेल लावू नये, तेलाने रबर खराब होते. साबणाच्या पाण्याने ते चढते. मात्र पूर्ण वाळल्याशिवाय वॉकर वापरू नये.

दुकानदारांची अडचणही मी ऐकून घेतली आहे. मापे निरनिराळी, ती ठेवणार कोण, असे ते म्हणतात. सायकलवाला ब्रेकचे गुटके निरनिराळ्या मापांत ठेवतोच ना? इथली मापेही काही असंख्य नाहीत. नळीचा बाहेरचा व्यास साधारण २२ ते २९ मिलिमीटरच्या आत असतो. गिऱ्हाइकाला स्वतःच्या वॉकरचे माप माहीत नसते, ही खरी गोची आहे. चपलेवर नंबर असतो, तसे बुचाचे माप नळीवर कोरायला कारखान्याला कितीसा खर्च येणार आहे? काठ्या-कुबड्यांच्या बुचांची पकड कशी तपासावी आणि कुबड्यांच्या बुचांचा टिकाऊपणा कसा तपासावा, यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २००९ आणि २०११ मध्ये मानके काढली आहेत. म्हणजे जगात या वस्तूकडे कोणी तरी गांभीर्याने पाहिले आहे. आपल्याकडे मात्र दुकानात सुटे बूच मिळालेच, तरी पिशवीवर धड मापही छापलेले नसते.

सरकारने या बाबतीत हात झटकू नयेत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, त्यातून ज्येष्ठांना वॉकर आणि कुबड्या फुकट दिल्या जातात. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना अशी साधने घेण्यासाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. दोन्ही योजना चांगल्या आहेत आणि त्यांचा लाभ अनेकांना झाला आहे. पण वॉकर हातात दिला की काम संपले, असे होत नाही. तो रोज वापरला जाणार आणि त्याची बुचे झिजणारच.

समाजकल्याण विभागाला माझी विनंती आहे की, पुढच्या वाटप शिबिरापासून प्रत्येक वॉकरबरोबर चकती असलेल्या बुचांचे दोन जादा संच द्यावेत आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात बुचे बदलून मिळण्याची सोय करावी. अस्थिरोगतज्ज्ञांनी फेरतपासणीला आलेल्या रुग्णाच्या गुडघ्याबरोबर त्याच्या वॉकरच्या बुचांवरही नजर टाकावी. आणि ज्यांना वॉकर विकत घ्यायचा आहे त्यांनी पैसे देण्याआधी सुटी बुचे मागावीत. दुकानदाराकडे ती नसतील, तर वॉकर दुसऱ्या दुकानातून घ्यावा.

— एक वाचक, सोलापूर