चार हजार टाक्यांचं आसन

मैत्रिणींनो, कपाटाच्या तळाशी एक बोचकं असतंच, नाही का? विरलेली सुती साडी, मुलांचा आखूड झालेला स्वेटर, कोपरावर फाटलेला ह्यांचा कंपनीचा शर्ट, तीन-चार बनियन. वापरवत नाही आणि टाकवतही नाही. दिवाळीच्या आवराआवरीत ते बाहेर येतं, आपण उलगडून बघतो आणि पुन्हा गाठ मारून आत ठेवतो. शेवटी एखाद्या दुपारी बोहारीण दारात येते नि सगळं एका स्टीलच्या भांड्यावर जातं. तीही हल्ली क्वचितच दिसते. मग बोचकं घंटागाडीत पडतं आणि मोशीच्या डेपोचा रस्ता धरतं.

या बोचक्यातून बसायचं आसन कसं करायचं, ते आज सांगते. त्याबरोबर एक हिशेबही सांगणार आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणताना कापडाची किंमत आपण शून्य धरतो, ते ठीकच आहे. पण त्याच ओघात आपल्या हातांची किंमतही शून्य धरून मोकळ्या होतो, त्याचा हा हिशेब!

चिंध्यांशी आपलं नातं जुनं. गाडगे महाराज ठिगळांची गोधडी पांघरत म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डीत कारखाने आले आणि सातारा-सोलापूर, खानदेश, मराठवाड्याकडची माणसं नोकरीसाठी इथे आली. वळकटीत गोधडी होतीच. 1970 साली नगरपालिका झाली, 1982 साली महापालिका झाली, खोल्यांचे फ्लॅट झाले. गोधडी मात्र माळ्यावर का होईना, अजून आहे. मऊ नऊवारीचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली ती ऊब विकतच्या रजईला येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

पण गोधडी शिवायला सैल जागा लागते, आणि मुख्य म्हणजे सुती लुगडी लागतात. आता घरोघर पॉलिएस्टर. त्याची गोधडी घाम शोषत नाही. शिवाय बोचक्यातल्या स्वेटरचं आणि बनियनचं गोधडीत फारसं काही होत नाही. म्हणून ही दुसरी रीत. गोणपाट ताणून बसवायचं, खालून चिंधीची पट्टी धरायची आणि वरून आकडीच्या सुईने तिचे फास एकेक करून वर ओढायचे. टर्किश टॉवेलला असतात ना, तसे, पण जाडजूड.

ही रीत अमेरिका-कॅनडाच्या थंड किनाऱ्यावरची. पण तिचं मूळ साहित्य आपल्याकडचं बरं का! एकोणिसाव्या शतकात बंगालचा ताग स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत जाई, त्याचं गोणपाट होई आणि पोती होऊन जगभर फिरे. रिकामं पोतं तिकडच्या गृहिणींनी धुतलं, उसवलं आणि त्यावर जुन्या लोकरी कपड्यांच्या पट्ट्या ओढल्या. अमेरिकेतल्या मेन राज्यात एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट नावाचा एक फेरीवाला होता. दारोदार पत्र्याची भांडी विकायचा, म्हणजे आपल्या बोहारणीचाच भाऊबंद. बायका ही आसनं करताना त्याने पाहिल्या आणि 1868च्या सुमारास पत्र्याचे छाप कापून गोणपाटावर नक्षी छापून विकायला लागला. धंदा जोरात चालला. पण मग घरोघर तेच फूल आणि तोच सिंह! तेव्हा नक्षी आपली आपणच काढा. रांगोळी ज्या हाताला येते, त्याला छाप कशाला हवा?

आधी कापड ओळखा

बोचकं सोडा आणि चार ढीग करा.

पहिला ढीग सुती कापडाचा: साड्या, चादरी, बनियन, टी-शर्ट. या कामाला उत्तम. बनियनची पट्टी ओढली की स्वतःच गुंडाळते, ती तर नवशिक्या हातालाही सोपी.

दुसरा लोकरीचा. खरी लोकर की कॅशमिलॉन, हे कळत नसेल तर मोरीजवळ बसून एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चिमटीत चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कॅशमिलॉन. सुती धागा कागदासारखा जळतो. दोन्ही लोकरी आसनाला चालतात. उसवलेली लोकर कुरळी असते, म्हणून तिची लड बांधून कोमट पाण्यातून काढा आणि खाली हलकं वजन अडकवून वाळवा. सरळ होते.

तिसरा नायलॉन-पॉलिएस्टरचा. हे कापड निसटतं आणि आगीत वितळून अंगाला चिकटतं. गॅसच्या ओट्याजवळ किंवा देवघरात समईशेजारी याचं काहीही अंथरू नका.

चौथा तेलकट कपड्यांचा. कारखान्यातलं ग्रीस घरच्या धुण्यात पुरतं निघत नाही. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये मशीन पुसायला चिंध्या लागतातच. हे कापड त्याच कामाचं, बसायच्या आसनात घालू नका.

रंग जातो का, तेही आधीच बघा. ओला पांढरा रुमाल कापडावर दाबून धरला की कळतं.

साहित्य

सैल विणीचं गोणपाट. चाकणचा कांद्याचा बाजार आपल्या शेजारीच आहे. कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याकडे तागाचं रिकामं बारदान मागा. प्लॅस्टिकच्या जाळीची पिशवी चालणार नाही. दोन फूट बाय दीड फुटाच्या आसनाला चारही बाजूंनी चार-चार बोटं जास्त घ्या. जुन्या फोटोची किंवा खिडकीची लाकडी चौकट, ड्रॉइंग पिना, जाड क्रोशाची सुई. लोकरीसाठी चपला शिवणाऱ्यांकडे असते तशी आकडीची आरीही चालते. साडी वापरणार असाल तर सुमारे अर्धी साडी लागेल. रंग कमी पडले तर पिंपरी कॅम्पात कपड्यांच्या दुकानांबरोबर शिंपीही पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे कातरण मागून बघा.

कृती

गोणपाट धुऊन कडक उन्हात वाळवा आणि इस्त्री करा. कडा सुटू नयेत म्हणून चहूकडून मशीनची टीप मारून घ्या. कोळशाने किंवा खडूने नक्षी काढा. पहिल्या खेपेला मोठी आणि मोजकी: एक कोयरी, एक कमळ किंवा साधे चौकोन. आता गोणपाट चौकटीवर ढोलकीच्या पानासारखं ताणून पिनांनी बसवा.

साडीच्या लांबीत बोटाच्या एका पेराएवढ्या रुंद, म्हणजे इंचभर पट्ट्या फाडा. टी-शर्टच्या अर्ध्या इंचाच्या पुरेत. काठ मात्र अखंड बाजूला ठेवा.

डाव्या हाताने पट्टी गोणपाटाच्या खाली धरा. उजव्या हाताने सुई वरून आत घाला, पट्टी आकडीत धरा आणि वर ओढा. पहिलं टोक पुरतं वर घ्या. पुढे दोन-तीन धागे सोडून पुन्हा सुई घाला आणि या वेळी फासच वर घ्या, करंगळीच्या नखाएवढा उंच. असंच पुढे जा. पट्टी संपली की शेवटचं टोकही वर काढून फासांच्या बरोबरीने कापा. गाठ कुठेही मारायची नाही. फास एकमेकांना आणि गोणपाटाच्या विणीला दाबून धरतात, त्यामुळे सुटत नाहीत. आधी नक्षीची कड, मग तिच्या आतलं, शेवटी भोवतालचा रंग. प्रत्येक छिद्र भरायचा हव्यास धरलात तर आसन वाटीसारखं वळतं, हे ध्यानात ठेवा.

भरून झालं की चौकटीवरून काढा, कडा मागे दुमडा आणि जपून ठेवलेला साडीचा काठ त्यावर पक्का शिवा. आसन उलटं ठेवून ओलसर फडका घालून इस्त्री फिरवा. कामाचा एक गुण मुद्दाम सांगते. मशीनची खडखड नाही. नाइट शिफ्ट करून आलेलं माणूस आतल्या खोलीत झोपलेलं असलं, तरी तुम्ही बाहेर निवांत काम करू शकता. मध्येच उठावं लागलं तर चौकट दारामागे उभी केली की झालं.

वापरताना

हे आसन मोरीच्या किंवा बाथरूमच्या दाराशी घालू नका. ताग ओलाव्याने कुजतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर वासही धरतो. तिथे सुती पट्ट्यांची वेणी घालून गोल शिवलेलं पायपुसणंच बरं. गुळगुळीत फरशीवर कोणतंही सुटं आसन सरकतं. घरात वयस्कर माणूस असेल तर जाण्यायेण्याच्या वाटेवर ते ठेवूच नका, किंवा खाली रबराची जाळी घाला. दर आठवड्याला उलटं करून झटका. डाग पडला तर ओल्या फडक्याने पुसा, बादलीत भिजवू नका.

आता हिशेब

दोन फूट बाय दीड फुटाच्या आसनाला साधारण चार हजार दोनशे टाके पडतात. मिनिटाला दहा टाके धरले तर सात तास. पट्ट्या फाडायला एक, कडा शिवायला एक. झाले नऊ तास. शेजारीण म्हणते, “किती छान! मला दोन करून दे ना, शंभर-दीडशे घे.” दीडशेतून दोरा, पिना, बारदान यांचे पन्नास वजा करा. उरले शंभर. नऊ तासांचे शंभर, म्हणजे तासाला अकरा रुपये! घरी कामाला येणाऱ्या मावशींना तुम्ही हा दर सांगाल का? सांगायला जीभ उचलणार नाही. मग स्वतःला तरी का सांगता?

बचत गटातल्या मैत्रिणींनी तर हे लिहूनच ठेवावं. महापालिकेच्या पवनाथडी जत्रेत गाळा मिळाला की आपण शेजारच्या गाळ्याकडे बघून भाव ठरवतो. तसं करू नका. घड्याळ लावून वीतभर चौकोन भरा, पूर्ण आसनाचे तास काढा आणि तासाचा दर आधी ठरवा. पन्नास रुपये धरलात तर नऊ तासांचे साडेचारशे आणि वरखर्च पन्नास, मिळून पाचशे. पायपुसण्याला पाचशे कोणी देणार नाही, हे खरं. गिरणीतल्या पायपुसण्याशी हाताने स्पर्धा करायचीच नाही. लोकरीची नक्षी असलेलं पूजेचं आसन, झोपाळ्यावरची बैठक, भिंतीवर लावायचा तुकडा, असं काही करा. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर मासेमारांच्या बायका अशी पायपुसणी पिढ्यान्‌पिढ्या करत होत्या. 1892 साली तिथे गेलेल्या डॉक्टर ग्रेनफेल यांच्या मिशनने त्यांना चांगली नक्षी आणि शहरातलं गिऱ्हाईक मिळवून दिलं, तेव्हा त्याच हातांना पैसा मिळू लागला. पुढेपुढे तर शहरातल्या बायकांचे फाटके रेशमी मोजे मागवून त्यांची आसनं होत. आज ती संग्रहालयांत आहेत.

आणि विकायचंच नसेल, तर हिशेब सोडून द्या. सासूबाईंच्या लुगड्याचा हिरवा आणि मुलाच्या पहिल्या स्वेटरचा पिवळा एका आसनात शेजारी आले, तर त्याचा दर काढायला बसायचं नसतं.

मग कधी सोडताय बोचकं? आसन पुरं झालं आणि कुणी “कितीला द्याल?” असं विचारलं, तर “अगं, चिंध्यांचं तर आहे” असं मुळीच म्हणू नका. आधी ठरवून ठेवलेला आकडा सांगा, आणि सांगून झाल्यावर गप्प बसा.