गाडी बंद, जबाबदारी चालू!

तुमच्या गल्लीत अशी एक तरी गाडी असेलच. चारही टायर बसलेले, वायपरखाली वाळलेली पानं, काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने काढलेलं बदाम. टपावर मांजर झोपलेलं असतं आणि गल्ली क्रिकेटमध्ये तिचा मागचा बंपर म्हणजे स्टंप. ‘कुणाची आहे रे ही?’ असं विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघतात.

गणेशपुरीतल्या अशा एका गाडीचा मालक मला पक्का माहीत आहे. कारण ती गाडी आमचीच आहे.

आजोबांची २००८ची मारुती ८००. आजोबा २०२० मध्ये गेले आणि त्यानंतर ती कुणी फारशी चालवलीच नाही. घराला फाटक आहे, छोटंसं अंगण आहे, पण गाडी उभी आहे बाहेर, रस्त्याच्या कडेला. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो. विकायचा विषय निघाला की आजी उठून आत जाते. मग विषय तिथेच संपतो.

या पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली होती. धो धो पाऊस पडत होता. शेजारचा दादा स्कूटरवरून घरी येत होता. त्याला गाडी दिसलीच नाही. मागच्या कोपऱ्यावर आदळून तो पडला आणि त्याचा खांदा निखळला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. बाबांनी दवाखान्याचा खर्च दिला आणि प्रकरण आपापसात मिटलं. पण त्या रात्री कपाटातली फाइल खाली काढली गेली. विमा २०२१ मध्येच संपलेला. नोंदणीची पंधरा वर्षं २०२३ मध्ये पूर्ण झालेली. आणि आरसीवर मालक म्हणून अजूनही आजोबांचंच नाव!

बाबा म्हणाले, “अरे, पण आपण चालवतोय कुठे? उभी तर आहे.”

हे वाक्य तुमच्याही घरात कधी ना कधी ऐकलं असेल. मला कायद्याची पुस्तकं उघडायला लागली ती या एका वाक्यामुळे. उत्तर आधीच सांगून टाकतो: गाडी रस्त्यावर उभी असेल, तर ‘चालवत नाही’ हा बचाव आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कच्चा आहे.

‘उभी गाडी’ नावाचा कप्पाच नाही

काही देशांनी हा प्रश्न सरळ सोडवलाय. ब्रिटनमध्ये गाडी वापरणार नसाल, तर सरकारला तसं कळवायचं. मग कर नाही, विम्याची सक्तीही नाही. पण अट एकच, ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर ठेवता येत नाही. जपानमध्ये १९६२चा कायदा सांगतो की, रस्ता म्हणजे तुमचं गॅरेज नव्हे. एकाच जागी दिवसा १२ तासांहून जास्त किंवा रात्री ८ तासांहून जास्त गाडी ठेवणं तिथे गुन्हा आहे.

आपल्याकडे खासगी गाडीसाठी असा स्वच्छ पर्याय नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १४६ म्हणतं की, सार्वजनिक जागी गाडी ‘वापरायची’ असेल, तर थर्ड पार्टी विमा हवाच. विमा नसेल तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दंड ४,००० रुपये. आता सगळा खेळ ‘वापर’ या एका शब्दावर येतो. गाडी नुसती उभी असेल, तर तो वापर का?

साताऱ्याजवळचा टँकर

याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका दुर्घटनेतून आलं. २९ ऑक्टोबर १९८७ ची पहाट. पुणे-बंगळुरू महामार्गावर, सातारा जिल्ह्यात, पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. वेळ पहाटे तीनच्या सुमाराची. टँकर रस्त्याच्या खाली जाऊन उलटला आणि पेट्रोल सांडत राहिलं. साधारण चार तासांनी, सव्वासातच्या सुमाराला, स्फोट झाला. आजूबाजूला जमलेले अनेक जण भाजले आणि काहींचा जीव गेला.

विमा कंपनी आणि मालकाचं म्हणणं होतं की, स्फोट झाला तेव्हा टँकर चालत नव्हता, तो निपचित पडलेला होता. मग हा ‘वाहनाच्या वापरातून’ झालेला अपघात कसा? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हे म्हणणं फेटाळलं. ‘वापर’ या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यायचा. गाडी रस्त्यावर उभी केलेली असो किंवा बिघाडामुळे, अपघातामुळे जागची हलत नसो, तो काळही वापरातच मोडतो, असं न्यायालयाने सांगितलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा निकाल नुकसानभरपाईच्या कलमावर होता. नुसत्या उभ्या गाडीला विम्याचं चलान फाडता येईल का, यावर वकील वाद घालू शकतात. पण खरी भीती २,००० रुपयांच्या चलानाची नाहीच. १९८७ मध्ये चूक कुणाची हे न बघता मिळणारी भरपाई मृत्यूसाठी १५,००० रुपये होती. आज कलम १६४ नुसार ती मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहे. ती द्यायची मालकाने किंवा विमा कंपनीने, आणि चूक सिद्ध करायची गरज नाही. जबाबदारी कुणावर किती, हे न्यायाधिकरण ठरवेल. पण विमाच नसेल, तर मागे उरतो फक्त मालक.

आणि मालक हयात नसेल तर? तर वारस. म्हणजे आमच्या घरात, बाबा.

आता दुसरा आकडा बघा. २०२२ मध्ये ठरलेल्या दरानुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला २,०९४ रुपये आहे. कर वेगळा. महिन्याचा हिशेब केला तर दोनशेही नाहीत, मोबाइलच्या रिचार्जएवढे!

दहा तासांचा नियम

कलम १२७ वाचलं तेव्हा मी दोनदा डोळे चोळले. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस किंवा कुणाच्याही देखरेखीशिवाय सोडलेली गाडी उचलून नेण्याची किंवा तिला जॅमर लावण्याची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. टोइंगचा खर्च मालकाचा, दंड वेगळा. मोडकी, जळालेली किंवा सुटे भाग काढलेली गाडी वाहतुकीला धोका ठरत असेल, तर दहा तासांचीही वाट बघायची नाही, ती लगेच हटवता येते.

कलम १२२ सांगतं की, इतरांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशा स्थितीत गाडी सोडायची नाही. कलम २०१ मध्ये पूर्वी ‘नादुरुस्त’ गाडीने वाहतूक अडवली तर ताशी ५० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९च्या दुरुस्तीत ‘नादुरुस्त’ हा शब्द गेला, म्हणजे आता धडधाकट गाडीही यात येते. पण ताशी ५० जाऊन ५०० रुपयांपर्यंत दंड आला. जुन्या हिशेबाने अख्खा दिवस गाडी अडवून ठेवली, तर १,२०० रुपयांपर्यंत झाले असते. महिनोन्‌महिने जागा अडवणाऱ्याला आता तासांचं मीटरच नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आहेच. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा केला, तर ५,००० रुपयांपर्यंत दंड.

म्हणजे कायदे कमी नाहीत. मग त्या गाड्या हलत का नाहीत? मला वाटतं, कायदा फार रुंद आहे म्हणून. दहा तासांचा नियम काटेकोर लावायचा म्हटलं, तर रात्री दहाला लावून सकाळी नऊला काढलेली ऑफिसची गाडीही त्यात येईल. सगळ्यांनाच लागू होणारा नियम शेवटी कुणालाच लागू होत नाही. रोजची वापरातली गाडी आणि पाच वर्षं पडलेली गाडी यांच्यात कायदा नीट रेघ ओढत नाही. ती रेघ कुणी तक्रार केली, तरच ओढली जाते.

गावात तक्रार करणार कोण?

मुंबईत महापालिका बेवारस गाडीवर नोटीस चिकटवते, मुदत देते आणि मग उचलून नेते. गणेशपुरी मात्र ग्रामपंचायतीचं गाव. ठाणे ग्रामीण पोलिसांचं पोलीस ठाणं आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ मध्ये सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा हटवण्याचा अधिकार पंचायतीलाही आहे. पण तक्रार द्यायची म्हणजे ज्याच्याकडे परवा हळदीला जेवलो, त्याच्याच नावाने अर्ज करायचा. कोण करणार?

आणि आमचं गाव नुसतं गाव नाही. नित्यानंद स्वामींची समाधी, गरम पाण्याची कुंडं, शेजारी वज्रेश्वरी. गुरुपौर्णिमेला आणि ऑगस्टमधल्या पुण्यतिथीला इथला रस्ता माणसांनी भरून जातो. त्या दिवशी एसटीला वळायला आणि अॅम्ब्युलन्सला निघायला जेवढी जागा लागते, तेवढीच जागा एक मेलेली गाडी खाऊन बसते. रस्ता फुकट असतो असं आपल्याला वाटतं. त्याचं भाडं दुसरं कुणीतरी भरत असतं, एवढंच. या पावसाळ्यात ते शेजारच्या दादाने भरलं.

मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी सांगितलं की, पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, असं धोरण आणण्याचा विचार आहे. कल्पना चांगली आहे. पण ती नव्या गाडीला दारात अडवते. आधीच रस्त्यावर येऊन बसलेल्या जुन्या गाडीला ती काहीच विचारत नाही.

फाटकाच्या आत आणि बाहेर

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात सांगितलं की, वाहन कर हा सार्वजनिक जागेच्या वापराशी जोडलेला आहे. बंदिस्त कारखान्याच्या आवारातच फिरणाऱ्या गाड्यांना तो लावता येत नाही. प्रकरण वेगळं, कायदाही त्या राज्याचा. पण तत्त्व आपल्या कामाचं आहे. तीच गाडी फाटकाच्या आत असेल, तर तो तुमचा खासगी मामला. चार फूट बाहेर आली, की सगळ्यांचा.

आणखी एक गैरसमज. रील बघून अनेकांना वाटतं की, १५ वर्षं झाली की गाडी आपोआप भंगारात. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले, ती गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी नाही. इथे आरटीओची तपासणी पास केली, तर नोंदणी पाच वर्षांनी वाढते.

मग करायचं काय?

तुमच्या घरची गाडी अशी पडून असेल, तर रस्ते तीन आहेत.

पहिला, ठेवायची असेल तर नीट ठेवा. थर्ड पार्टी विमा चालू करा. १५ वर्षं झाली असतील, तर नोंदणीचं नूतनीकरण करा. कारसाठी केंद्राने ठरवलेलं शुल्क ५,००० रुपये आहे (२० वर्षांवरच्या गाडीला जास्त), उशिराचं शुल्क आणि पर्यावरण कर वेगळा. आणि जागा असेल, तर गाडी आत घ्या.

दुसरा, विकायची असेल तर नाव बदलेपर्यंत सुटलो असं समजू नका. तुमच्यापैकी किती जणांनी सेकंड हँड बाइक नुसत्या कागदावर सही घेऊन विकली आहे? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की, नोंदीत ज्याचं नाव, भरपाईसाठी मालक तोच. राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

तिसरा, गाडी संपलीच असेल तर तिला नीट निरोप द्या. कायमची निकामी झालेल्या गाडीची माहिती कलम ५५ नुसार १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे ढकलली, तर लोखंड जातं, पण नाव नोंदीत तसंच राहतं. २०२१च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातून ठेव प्रमाणपत्र घ्या. नव्या खासगी गाडीच्या करात राज्यं त्यावर २५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतात.

आणि मालक वारला असेल, तर या तिन्हींच्या आधी एक पायरी आहे. वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची. आम्ही ही पायरी पाच वर्षं चुकवली.

आमच्या गाडीचं काय झालं? गेल्या रविवारी शेजारचा दादा, मी आणि बाबा, तिघांनी ढकलून ती अंगणात घेतली. दादाचा खांदा अजून दुखतो, म्हणून त्याला स्टिअरिंगवर बसवलं. फॉर्म ३१ साठी कागद जमवणं सुरू आहे. पुढे ठेवायची की स्क्रॅपला द्यायची, ते आजी ठरवेल. तिने अजून काही सांगितलेलं नाही. पण परवा ती अंगणात खुर्ची टाकून गाडीशेजारी बसली होती.

रस्त्यावर जिथे ती उभी असायची, तिथे आता एक कोरडा चौकोन दिसतो. तुमच्या गल्लीतला चौकोन कुणाचा आहे? आज घरी गेलात की फाइल काढा आणि तीन तारखा बघा: विम्याची, नोंदणीची आणि मालकाच्या नावाची. गाडी झोपलेली असेल. पण त्या तारखा झोपत नाहीत.