सूसूच्या चुका मोजणाऱ्यांना

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठीही शिकवते. नववीला 'माझी आवडती व्यक्तिरेखा' हा निबंध दिला होता. एकीने 'सूसू'वर लिहिलं. हस्ताक्षर सुरेख होतं आणि शेवटी पाच धडे काढले होते. अनोळखी माणसावर दया करू नये. मुलीने स्वतःहून लग्नाचं बोलू नये. नवरा नेईल तिथे जाण्याआधी चौकशी करावी. सवतीच्या वाटेला जाऊ नये. टोकाचं पाऊल उचलू नये. मी दहापैकी आठ गुण दिले आणि वही मिटली. मग पुन्हा उघडली. हे धडे त्या पोरीचे नव्हते. ही मालिका पाहणारी मोठी माणसंही सूसूच्या चुका अशाच बोटांवर मोजतात. माझं भांडण त्यांच्याशी आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तांग छी या चिनी लेखिकेची देव, ड्रॅगन आणि कोल्ह्यांच्या कुळांची एक कादंबरी आहे. नावाचा अर्थ साधारण असा, तीन जन्म, तीन जगं, दहा मैल पीचची फुलं. २०१७ साली तिच्यावर ५८ भागांची मालिका झाली, 'इटर्नल लव्ह' नावाने ती जगभर पाहिली गेली. डोंगरात एकटी राहणारी, आपलं नावही माहीत नसलेली एक मुलगी एका जखमी तरुणाला घरी आणते, बरं करते. तो तिला सूसू हे नाव देतो. उपकार कसे फेडू, असं विचारतो. ती अर्धवट थट्टेत म्हणते, माझ्याशी लग्न कर. दोघं धरती-आकाशाला साक्ष ठेवून लग्न करतात. तो असतो ये हुआ, स्वर्गाचा युवराज. हे तिला माहीत नसतं. पुढे ती गरोदरपणी स्वर्गात नेली जाते. तिथे सू जिन नावाची मानाची बाई स्वतःच एका भयंकर कड्यावरून उडी टाकते, त्यात तिचे डोळे जातात आणि सूसूनेच ढकललं असा कांगावा करते. शिक्षा ठरते, डोळ्यांच्या बदल्यात डोळे. ते काढतो खुद्द ये हुआ. बाळ झाल्यावर आंधळी सूसू त्याच कड्यावरून उडी घेते.

त्या उडीचं समर्थन मी करणार नाही. जीव अल्लाहची अमानत आहे, हे मी वर्गातही सांगते आणि इथेही. पण तिने उडी का घेतली हा प्रश्न पहिला कसा काय येतो? त्याआधी तिचे डोळे काढले गेले होते ना?

ये हुआ गप्प राहतो. आपलं प्रेम उघड झालं तर आजोबा, म्हणजे स्वर्गाचा सम्राट, तिला जगू देणार नाही, म्हणून तो तिच्याशी परक्यासारखा वागतो. तिला मात्र यातलं काही सांगत नाही. प्रेक्षक डोळे पुसत म्हणतात, किती मोठा त्याग! आणि सूसूने विचारलं नाही, ती तिची चूक. त्याचं मौन त्याग आणि तिचं मौन मूर्खपणा, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? त्या मुलीला मी विचारलं, तुझ्या पाचात ये हुआसाठी एकही धडा का नाही? ती म्हणाली, "टीचर, तो तर हीरो आहे."

लग्नाचं आधी बोलली, हा दुसरा आरोप. हजरत खदीजा (रजि.) यांच्या निकाहची पहिली विचारणा त्यांच्याच बाजूने झाली होती. हे मिलादच्या जलशात ऐकून माना डोलावणारे आपणच घरी येऊन मुलीला सांगतो की स्वतःहून बोलू नये. साक्षीदार नव्हते, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. आपल्याकडे साक्षीदारांशिवाय निकाह होत नाही, आणि सूसूची कथा वाचल्यावर ती अट किती शहाणपणाची आहे हे कळतं. पण साक्षीदार कोणी आणायचे? ज्याला आपण कोण आहोत हे माहीत होतं त्याने, की जिला स्वतःचं नावही माहीत नव्हतं तिने?

आता त्या दरबाराकडे पाहा. फिर्यादी तीच, साक्षीदारही तीच. आरोपी सांगते, मी ढकललं नाही. निकाल आधीच लागलेला. हजरत अली (रजि.) यांना येमेनला काझी म्हणून पाठवताना प्रेषितांनी (स.) ताकीद दिली होती की दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निवाडा करू नये. आणि इफ्कचा प्रसंग आठवा. काफिला पुढे गेला, हजरत आयशा (रजि.) हरवलेला हार शोधत मागे राहिल्या आणि मदिन्यात महिनाभर कुजबुज चालली. सूरह नूरच्या आयती उतरल्या तेव्हा जाब कोणाला विचारला गेला? कुजबुज करणाऱ्यांना. ऐकून गप्प बसलेल्यांना. चार साक्षीदारांशिवाय पाकदामन स्त्रीवर आळ घेणाऱ्याला ८० फटके ठरले. हार नीट का सांभाळला नाही, असा धडा कुराणने आयशांना दिलेला नाही. आम्ही मात्र प्रत्येक सूसूला हाराबद्दलच विचारतो.

कादंबरीवरही माझा राग आहे. पुढे कळतं की हे सगळं एका देवीचं दिव्य होतं, त्यातून तिची पायरी वाढायची होती. म्हणजे छळ हा अभ्यासक्रमच! आपल्या मोहल्ल्यात याला आजमाइश म्हणतात. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला सब्रचं महत्त्व सांगून रिक्षात बसवणाऱ्या खाला मी पाहिल्या आहेत. सब्र तिने करायचा, आणि त्याला समजावायला कोणी जायचं नाही.

पण याच कादंबरीत एक खरी गोष्टही आहे. सूसू मुळात बाय छियेन, चिंगच्यूच्या कोल्हा-सम्राटाची लेक, चार भावांची धाकटी बहीण. जखमी होऊन, शक्ती आणि आठवण हरवून ती त्या डोंगरावर पडली होती, एवढंच. तीनशे वर्षांनी ती बाय छियेन म्हणून त्याच स्वर्गाच्या लोकांसमोर येते तेव्हा माना झुकतात. बाई तीच. सूसूचं आयुष्य तर ती विसरून गेलेली, मग चुकांतून शिकणार काय? फरक इतकाच की आता मागे अख्खं चिंगच्यू उभं आहे. सू जिनचंही तेच. तिचं कुळ युद्धात कामी आलं म्हणून ती दरबारात वाढली, दरबार तिचा ऋणी, म्हणून तिचा शब्द खरा. पाच धडे पाठ केले असते तरी सूसूचे डोळे वाचले नसते. एक भाऊ दारात उभा असता तर वाचले असते. मग धडे काढायचेच असतील तर भावांसाठी, बापांसाठी, जमातच्या पंचांसाठी काढा. त्यांचे निबंध कोण तपासतं?

आठवण परतल्यावर बाय छियेन सू जिनकडे जाते आणि आपले डोळे परत घेते. आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंना हे क्रूर वाटलं, माफ करायला हवं होतं म्हणाल्या. मी विचारलं, तीनशे वर्षं ते डोळे वापरणारीला तुम्ही कधी काही म्हणालात का? त्या डबा उघडत म्हणाल्या, तो भाग मी पाहिलाच नाही.