तक्त्यातील ओळ आणि चावडीवरील ताळा

हल्ली अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी असो की बियाणे वाटपाची, ती वहीत न राहता संगणकाच्या तक्त्यात भरली जाते. एका खातेदारास एक ओळ. आणि नाव, गट, क्षेत्र, बँक खाते यांस एकेक रकाना. पुढे आज्ञावली, म्हणजे संगणकास लिहून दिलेला हुकूम, ओळीमागून ओळ वाचीत जाते व हजारो खात्यांची तेरीज क्षणार्धात काढते. ही सोय मोठी आहे, तीस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु यंत्र अक्षर वाचते, आशय नव्हे.

पोटहिस्सा १२/१ असा नुसता लिहिला की एक्सेलचा तक्ता त्यास तारीख समजून १२ जानेवारी करतो. आपला ७/१२ देखील त्याच्या लेखी ७ डिसेंबर! खाते क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळतात, आणि पंधरा अंकांपुढील अंकांच्या जागी शून्ये पडतात. १ हेक्टर ५ आर हे १.०५ असे लिहावयाचे; कोणी १.५ लिहिले तर ते १ हेक्टर ५० आर ठरते. फरक ४५ आरांचा, म्हणजे एकराहून अधिक. तेच १.०५.०० असे दोन टिंबांनी लिहिले तर बेरजेत धरलेच जात नाही.

कोणी म्हणतील, चुका जुन्या दप्तरातही होत. खरे आहे, पण लेखणीची चूक बहुधा एका ओळीपुरती असे, हुकूम चुकला तर सर्वच ओळी चुकतात. शिवाय दप्तरात ताळा घेण्याची रीत होती. गाव नमुना ८-अ वरील क्षेत्र सातबारांच्या बेरजेशी जुळल्यावाचून कागद पुढे सरकू नये, हा नियम यंत्रासही लागू करावा.

याकरिता गट व खाते क्रमांकाचे रकाने आधीच 'मजकूर' म्हणून ठरवावेत, व आज्ञावलीनेही ते तसेच वाचावेत. रिकामा रकाना शून्य न समजता ती ओळ बाजूस काढावी. ओळींची संख्या आणि क्षेत्राची बेरीज मूळ कागदांशी ताडून पाहावी. शेवटी, यादी वर पाठविण्यापूर्वी ती छापून मेडशीच्या चावडीवर लावावी.

२०२१ पासून ई-पीक पाहणीने पिकाची नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती आलेच आहे. मग आठ-अ हाती धरून यादीतील आपली एक ओळ वाचणे त्यास जड का जावे? सोयाबीन पाण्यात गेल्यावर मिळणारी रक्कम दुसऱ्याच्या खात्यात गेली किंवा परत फिरली, तर हेलपाटे यंत्रास पडत नाहीत. ते आपणांसच घालावे लागतात.