मुरलेली वाईन एकट्यानं पिऊ नये

पंधरा-वीस वर्षं जुन्या वाईनचा विषय निघाला की आपल्याकडे साधारण दोन प्रतिक्रिया येतात. पहिली, 'पैशाचा माज, दुसरं काय!' आणि दुसरी, 'शेवटी दारू ती दारूच, तिला काय जुनी आणि काय नवी?' दोन्ही मला समजतात. दारूनं धुळीला मिळालेलं एखादं घर नात्यात किंवा शेजारात पाहिलं नाही, असा मराठी माणूस विरळाच. तरीही, आम्ही आठ मित्रमैत्रिणी पुण्यात गेली बारा-तेरा वर्षं दर दोन महिन्यांनी जमून जो उद्योग करतो, त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की मुरलेली वाईन ही ना श्रीमंतीची गोष्ट, ना नशेची. ती सोबतीची गोष्ट आहे. ती एकट्यानं पिऊ नये आणि कुलपात तर मुळीच ठेवू नये.

'मुरणं' हा शब्द आपल्या स्वयंपाकघरातला. लोणचं मुरतं, मोरांबा मुरतो. पण ठेवून दिली म्हणून कोशिंबीर मुरत नाही, ती नासते. वाईनचंही तसंच. जगात होणारी बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच असते. मुरण्याच्या लायकीची त्यात थोडीच. सालीतून आणि बीतून उतरलेला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, किंवा आंबटपणा, किंवा साखर, यांपैकी काहीतरी तिच्यात भरपूर लागतं. लाल वाईनमधली ही तुरट द्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून तरुणपणी जीभ आवळून धरणारी बोर्दोची वाईन वीस वर्षांनी मऊ लागते. तिचा जांभळा रंग विटकरी होतो. पांढऱ्या वाईनचं उलट. ती वयाबरोबर गडद सोनेरी होत जाते. ताज्या फळांचा वास मागे पडतो आणि सुकामेवा, चामडं, ओला पाचोळा असे वास वर येतात. हे सगळं नुसत्या थांबण्यानं होतं. माणसाला त्यात करण्यासारखं काही नसतं, हीच त्यातली अवघड गोष्ट.

आता साधा हिशेब पाहा. बाटलीत ७५० मिलिलिटर वाईन असते. तळाचा गाळ सोडून आठ जणांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला नव्वद मिलिलिटरसुद्धा येत नाही. जुन्या वाईनचं बूच एकदा निघालं की ती उद्यावर टाकता येत नाही. हवा लागून काही तासांत तिचा जीव जातो. म्हणजे एकट्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: सगळी बाटली संपवणं किंवा उरलेली ओतून देणं. पहिल्या वाटेनं जीभ बधिर होते, दुसरीनं मन खट्टू होतं. शिवाय अशी बाटली एकट्यानं विकत घ्यायची आमच्यापैकी कुणाची ऐपत नाही. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या. कुणाचा मुलगा येणार असला की वर्गणी निघते. एका बैठकीला तीनच बाटल्या उघडायच्या, जेवण सोबत हवंच, आणि ज्याला थुंकून टाकायचं त्याच्यासाठी मधोमध एक पातेलं. आमची एक मैत्रीण तर थेंबही घेत नाही, फक्त वास घेते. तिचे अंदाज आम्हा पिणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा बरोबर येतात!

आमचे नियम दोनच. बाटली खाकी कागदात गुंडाळलेली असते, आणि प्रत्येकानं आधी आपल्या कागदावर लिहायचं, मग तोंड उघडायचं. बोलण्याची सुरुवात सर्वांत नवख्यानं करायची. नाहीतर जाणकार 'वा!' म्हणाला की सगळ्यांच्या माना डोलतात. सुरुवातीला आम्ही इंग्रजी पुस्तकांतले शब्द वापरायचो. पुस्तकांत ब्लॅककरंट आणि गूजबेरी असायची. आमच्यापैकी निम्म्यांनी ही फळं पाहिलीही नव्हती. मग एके दिवशी एक निवृत्त बँक अधिकारी पेला नाकाशी धरून म्हणाले, "अहो, हा तर आमच्या आजोबांच्या पानाच्या डब्याचा वास!" त्या दिवसापासून आमची जीभ सुटली. जांभूळ, करवंद, सहाणेवरचं ओलं चंदन, माळ्यावरच्या जुन्या पोथ्या, पावसाळ्यातली घोंगडी. वाईन फ्रान्सची असली तरी आठवणी आपल्याच असतात, आणि चव ही शेवटी आठवणींतूनच कळते.

कागदात गुंडाळण्याला कुणी पोरखेळ म्हणेल. पण डोळा जिभेला कसा फसवतो, याचा एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. बोर्दोच्या विद्यापीठात वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग मिसळून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. त्याआधी १९७६ मध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्यानं पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांसमोर नावं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन ठेवल्या होत्या. लाल आणि पांढरी, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. 'आमची वाईन मुरली की बघा', असं तेव्हा म्हटलं गेलं. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच लाल वाईन पुन्हा चाखल्या, तर पहिले पाचही नंबर कॅलिफोर्नियाचे! नाव झाकलं की मोठमोठ्यांची परीक्षा होते, वाईनची आणि चाखणाऱ्याचीही.

मात्र सोबत म्हणजे दरबार नव्हे. अमेरिकेत रूडी कुर्निआवान नावाचा एक तरुण श्रीमंत मित्रांना दुर्मीळ वाईन पाजून नावारूपाला आला आणि त्याच जोरावर बनावट बाटल्या विकू लागला. २००८ मध्ये लिलावाला आलेल्या त्याच्या बाटल्यांवर बर्गंडीतल्या पोन्सो घराण्याचं नाव होतं आणि १९४५ ते १९७१ ही सालं. त्या घराण्यानं ती विशिष्ट वाईन १९८० च्या दशकाआधी काढलेलीच नव्हती! २०१३ मध्ये तो दोषी ठरला, पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या बाटल्यांना माना डोलावणारे अडाणी नव्हते. 'मला नाही आवडली' असं म्हणणारा एक स्पष्टवक्ता मित्र त्यांच्या टेबलावर असता, तर कित्येकांचे पैसे वाचले असते.

आरोग्याच्या नावाखाली या छंदाचं समर्थन मी करणार नाही. लाल वाईन हृदयाला चांगली, हे अनेकांच्या सोयीचं वाक्य आहे. पण मद्याचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. जो पीत नाही त्यानं या लेखामुळे सुरू करू नये. पण जो पितो त्यानं थोडं, लक्ष देऊन आणि चारचौघांत प्यावं, एवढं म्हणण्याचा अधिकार मला आहे.

आपल्या नाशिकच्या वाईनलाही अशा मंडळींची गरज आहे. बोर्दोच्या वाईनची प्रतवारी १८५५ मध्ये झाली. ती आकाशातून पडली नव्हती. दलालांनी पिढ्यान् पिढ्या ठेवलेल्या भावांच्या नोंदींतून ती उतरली. नाशिकच्या सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. कोणत्या सालची, कोणत्या मळ्यातली किती टिकली, ही स्मरणवही आपल्याकडे आता कुठे भरू लागली आहे. आम्ही दरवर्षी नाशिकच्या लाल वाईनच्या दोन-तीन बाटल्या बाजूला ठेवतो आणि वही लिहितो.

आता कुलपाविषयी. आमच्या गटातल्या एका मित्रानं २००३ मध्ये बोर्दोची एक चांगली बाटली आणली होती. मुलीच्या लग्नात उघडायची, असं ठरलेलं. लग्न झालं, पण हजार पाहुण्यांत एक बाटली कशी काढणार? मग साठीला उघडू, मग नातवाच्या बारशाला. वाईनला बारा-तेरा अंश तापमान लागतं. ती बाटली पुण्याचे सोळा उन्हाळे कपाटात उभी होती. २०१९ मध्ये मित्र गेला. त्या दिवाळीत वहिनींनी आम्हाला बोलावून बाटली समोर ठेवली. बूच भुसभुशीत झालं होतं, वाईन तपकिरी पडली होती, वासाला व्हिनेगर. कुणीही कागद पुढे ओढला नाही. प्रत्येकानं एकेक घोट घेतला. वहिनी म्हणाल्या, "त्यांना चव कळलीच नाही हो हिची."

वाईन चढते, काही काळ माथ्यावर थांबते आणि मग उतरते. माथ्याचा दिवस कोणता, हे बाटलीवर छापलेलं नसतं. उघडल्याशिवाय ते कळतच नाही. म्हणून थोडी लवकर उघडली तरी चालेल. लवकर उघडलेल्या बाटलीला 'अजून थांबायला हवं होतं' असं म्हणत हसणारी माणसं तरी भोवती असतात. वाईन मुरायला वेळ द्यावाच. पण आपल्यापाशीही तो मोजकाच असतो, याचं भान ठेवून.