सायकलवर सहकुटुंब

भिलाईकरांना सायकलचे कौतुक सांगायला नको. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे कितीतरी वर्षे पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली दिसत. नागपूर-विदर्भाकडून नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांचाही संसार तिच्यावरच हिंडला. दांडीवर थोरला, कॅरिअरवर बायको आणि तिच्या मांडीवर धाकटी! आता दारात स्कूटर आणि मोटार उभी असते, आणि सायकल मुलांच्या खेळण्यांत जमा झाली आहे. म्हणूनच कुणी दोन दिवसांच्या सायकल सहलीचे नाव काढले, की घरातले वडीलधारे विचारतात, ‘‘एवढ्याशा पोरांना घेऊन?’’

प्रश्न रास्त आहे. जायला हरकत नाही, पण किती जायचे ते सर्वांत लहान मुलाने ठरवायचे, बाबांच्या पायांनी नव्हे.

रुआबांध्यात राहणाऱ्यांना सुरुवातीला लांब जायचे कारणच नाही. १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून उभारलेली मैत्रीबाग जवळच आहे. पांढरे वाघ पाहून दुपारच्या आत घरी, एवढी पहिली सहल पुरे. पुढच्या रविवारी नेवईवरून उतईकडे. हे जमले, मुले दुसऱ्या दिवशीही हसतखेळत उठली, तर मग खरी सहल आखा : बालोदजवळचे तांदुला धरण. भिलाईच्या कारखान्याला लागणारे पाणी तांदुलातून कालव्याने मरोदा जलाशयात येते. ते कुठून येते ते पाहायला जायचे आहे, एवढे सांगितले तरी मुलांना जाण्याचे कारण मिळते. अंतर साठेक किलोमीटर आहे. गुंडरदेही साधारण निम्म्या वाटेवर येते, म्हणजे मुक्काम तिथे. राहण्याची सोय निघण्यापूर्वीच पक्की करा आणि एकदा मोटारसायकलवरून सगळा रस्ता पाहून या. ट्रकची वर्दळ कुठे आहे, सावली आणि हातपंप कुठे आहेत, हे नकाशात दिसत नाही.

मुले बरोबर असताना ताशी आठ-दहा किलोमीटरहून अधिक वेग धरू नका, आणि दर अर्ध्या तासाला थांबा. सराव असलेले आठ-नऊ वर्षांचे मूल आपल्या वीस इंची सायकलवर दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर सहज जाते. मात्र ते मधे चालेल. एक मोठे माणूस पुढे आणि दुसरे मागे, किंचित उजवीकडे. आई डबे घेऊन रिक्षाने मागून येणार असेल, तर तिला सहकुटुंब सहल म्हणू नये! कॉलेजनंतर तिने सायकल चालवली नसेल तर महिनाभर आधी तिचाही सराव हवा.

त्याहून लहान मुलांसाठी पक्की, पट्टा असलेली सीट घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला सायकलवर नेऊच नये. त्याची मान हादरे सोसण्याइतकी बळकट नसते. मोठ्या मुलांना डोक्याच्या मापाचे हेल्मेट हवे. टोपीसारखे डुगडुगणारे काही कामाचे नाही. मूल सीटवर असताना सायकल स्टँडवर लावून पाणी आणायला जाण्याची चूकही करू नका. सायकल आडवी होते ती बहुतेक अशीच, उभ्या उभ्या.

खरी भीती मात्र चाकाची. कॅरिअरवर पाय सोडून बसलेल्या मुलाची टाच तारांत जाणे हा आपल्याकडचा अगदी नेहमीचा अपघात आहे. वरून जखम किरकोळ दिसते, आतली कातडी आणि मांस मात्र चेंगरलेले असते. दोन-चार दिवसांनी कातडी काळी पडते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्या. सायकलवाल्याचे ते तासाभराचे काम आहे. मुलाला पाय ठेवायला जागा द्या आणि बूट घाला. तरीही पाय अडकलाच तर ओढू नका. चाक थांबवून उलटे फिरवा किंवा तार कापा. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, हळद किंवा चहापूड भरू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारा.

छत्तीसगडच्या उन्हाळ्यात ही सहल विसरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. सकाळी धुके विरल्यावर निघा आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. पेडल मारणाऱ्याला घाम येतो, मागे स्वस्थ बसलेले पोर मात्र गारठते. हे बाबांच्या लक्षात येत नाही. त्याला मफलर, मोजे, स्वेटर. बरोबर पंप, पंक्चरचे सामान, जादा ट्यूब आणि पान्हा. खाऊ थोडाथोडा, पण सतत.

अमेरिकेतील जॉन आणि नॅन्सी व्होगेल या शिक्षक दांपत्याने २००८ मध्ये आपल्या दहा वर्षांच्या जुळ्या मुलांसह अलास्कातून सायकली हाकारल्या. २०११ मध्ये ते अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला पोहोचले. हा प्रवास सत्तावीस हजार किलोमीटरहून अधिक झाला. असे वेड सर्वांना परवडणारे नाही, ना सुट्टीच्या हिशेबाने, ना पैशांच्या. पण त्याला जवळजवळ तीन वर्षे लागली, हे लक्षात घ्या.

आणि बालोदला पोहोचेपर्यंत पोरे दमली, तर? तर परत सायकलनेच आले पाहिजे असा हट्ट कशाला! दल्ली-राजहराहून कारखान्याकडे लोहखनिज येते त्याच रेल्वेमार्गावर बालोद, गुंडरदेही आणि घराजवळचे मरोदा ही स्टेशने आहेत. गाडीत सायकली घेतात का, एवढे आधी स्टेशनवर विचारून ठेवा. घेत नसतील तर आई मुलांना घेऊन गाडीने पुढे येईल आणि बाबा सायकलींची सोय लावतील, किंवा आई सायकली सांभाळेल आणि बाबा पोरे. वाटेत खनिजाची मालगाडी भेटली, तर डबे मोजायचे काम धाकट्याकडे द्या.